डायलिसिस मोफत, खाडा विकत : एका ऊसतोड कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात काही वाड्या-तांड्यांवर आमचा छोटा अभ्यासगट घरोघरचा आरोग्यखर्च दर तिमाहीला नोंदवत होता. सरकारी योजना असूनही खिशातून किती पैसा जातो, कुठल्या घरातून जातो आणि कोण उपचारापर्यंत पोचतच नाही, हे पाहायचं होतं. त्यातलं एक घर इथे मांडतो आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वयं आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

घरातला कर्ता माणूस ३६ वर्षांचा. गाव त्याला दादा म्हणतं, आम्हीही तेच म्हणायचो. त्याच्या बायकोला वहिनी. दोन मुलं, दादाची आई आणि दीड एकर कोरडवाहू. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या फडात लागायचा तो मार्चअखेरपर्यंत. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली असायची आणि ती तोडीतून फिटायची. एक दिवस काम चुकलं की खाडा. मजुरी तर बुडतेच, वर दंड कापला जातो. या टोळीत दंड दिवसाला ५०० रुपये होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये दादाचे पाय सुजले. उलट्या, भूक मेली, चालताना दम लागायला लागला. गावातल्या डॉक्टरने आठवडाभर सलाईन आणि इंजेक्शनं दिली. फरक पडेना म्हणून भावाने त्याला शहरातल्या खासगी रुग्णालयात नेलं, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १३ च्या पुढे गेलं होतं. दोन्ही किडन्या निकामी. रक्तदाब प्रचंड वाढलेला, आणि तो आधी कधी कुणी मोजलाच नव्हता. आजाराचं मूळ कारण शेवटपर्यंत ठरलं नाही. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड मजुरांत कारण न सापडणाऱ्या किडनीविकाराची लाट आली, तिचा संबंध उन्हातल्या कष्टाशी आणि शरीरातलं पाणी कमी होण्याशी जोडला जातो. दादाच्या बाबतीत तसं म्हणायला पुरावा नाही. पण एवढी वर्षं फडात राबलेल्या माणसाच्या दंडाला एकदाही रक्तदाबाचा पट्टा लागला नाही, ही गोष्ट पुराव्याशिवायही सांगता येते.

मानेत तात्पुरती नळी टाकून डायलिसिस सुरू झालं. पहिल्या तीन आठवड्यांत १,४६,००० रुपये गेले. वहिनींनी सोनं गहाण टाकलं त्याचे ४०,०००, भावाने इकडून-तिकडून जमवलेले २६,००० आणि बाकीचे ८०,००० मुकादमाच्या उचलीचे. म्हणजे या घरासाठी आरोग्यविम्याचं काम पहिल्यांदा केलं ते मुकादमाने; हप्ता होता पुढच्या सहा महिन्यांची मेहनत.

योजना होती, मग पैसे का गेले?

हा पहिला निर्णयबिंदू. तो कुणी जाणूनबुजून घेतलेला निर्णय नसल्यामुळे बहुतेक अहवालांत सापडत नाही.

राज्याची योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर तिचा लाभ मिळायचा. त्या वेळी कवच कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि किडनी प्रत्यारोपणासाठी अडीच लाख होतं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेच्या यादीत नाव असलेल्यांना आयुष्मान भारतमधून पाच लाख मिळायचे. दादाच्या शेजारच्या घराचं नाव त्या यादीत होतं, दादाचं नव्हतं. दोन्ही घरं एकाच टोळीत ऊस तोडणारी.

दादाचं केशरी कार्ड होतं, पण ते भावासोबतचं सामाईक. दोघे भाऊ वेगळे निघून बरीच वर्षं झाली तरी कार्ड तेच राहिलं होतं. शिवाय कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. हे रुग्णालय योजनेतलं होतं. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनीसाने, कागद आणा म्हणून सांगितलं. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय योजनेत आहे, पण रात्री अकराला दम लागलेल्या माणसाला घेऊन आलेल्या भावाला ती कुणी सांगितली नाही आणि त्याला अनामत भरायला लावली. कागद जुळेपर्यंत सप्टेंबर अर्धा संपला. त्यानंतरचं डायलिसिस योजनेतून, पूर्ण मोफत.

अडचण

डायलिसिस हा उपचार पैशाच्या नियोजनाच्या दृष्टीने फार विचित्र आहे. शस्त्रक्रिया एकदा होते, बिल एकदा येतं. इथे चार तासांचं एक सत्र, आठवड्याला तीनदा, जन्मभर. भारतात बरेचसे रुग्ण दोनदाच येतात. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी आकडे दिले होते : दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण, ३.४ कोटी सत्रांची वाढीव गरज, सुमारे ४,९५० केंद्रं, तीही बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांत. एका सत्राला साधारण २,००० रुपये. जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम त्यातूनच सुरू झाला. त्याने किंमत या अडथळ्यावर खरंच मोठा घाव घातला, हे मान्य करायला हवं.

दादाच्या घरी सत्राची किंमत शून्य झाली. मग अडचण कुठली उरली?

शहर ९० किलोमीटरवर. वाडीवरून काळीपिवळी, मग एसटी, पुढे रिक्षा. दादा एकटा जाऊ शकायचा नाही, वहिनी सोबत. दोघांचं जाणं-येणं आणि वरचं खाणं-पिणं मिळून एका फेरीला ४५०-५०० रुपये, महिन्याला चारेक हजार. रक्तवाढीचं इंजेक्शन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तपासण्या धरून महिन्याला अडीच-तीन हजार. म्हणजे औषधापेक्षा रस्ता महाग. हे ऑक्टोबरमधलं, घरी असतानाचं गणित.

नोव्हेंबरात टोळी निघायची वेळ आली आणि गणित बदललं. कोयत्याची दिवसाची कमाई साडेपाचशेच्या आसपास. डायलिसिसच्या दिवशी ती बुडणार, खाड्याचे ५०० कापले जाणार, वर प्रवास. एका मोफत सत्राची किंमत या घराला दीड हजार पडत होती. अर्थसंकल्पातल्या भाषणात सत्राची बाजारातली किंमत २,००० होती, हे इथे आठवतं.

शिवाय कवच सामाईक कार्डावरचं. भावजयीची शस्त्रक्रिया त्याच वर्षी त्याच कार्डावर झाली होती. दीड लाखातले किती उरले, हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. मार्चच्या आत संपले तर काय, या धास्तीने दादाने स्वतःहून ऑक्टोबरात दोन सत्रं चुकवली. मर्यादा संपली नव्हती. संपेल या भीतीनेच तिने काम केलं.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरच्या शेवटी भाऊ, वहिनी, दादा, आई आणि गावातली आशाताई एकत्र बसली. आमच्यातलं कुणीतरी तिथे होतं, पण ऐकायला.

शहरातच खोली घेऊन राहायचं, हा पहिला विचार. भाडं, मुलांची शाळा आणि उचलीचं देणं बघता तो दहा मिनिटांत बाद झाला.

दुसरा पर्याय उपजिल्हा रुग्णालयाचा. ते ३० किलोमीटरवर होतं, डायलिसिसची मोजकी यंत्रं, दोन पाळ्या. प्रतीक्षायादी होती. जागा मिळण्याची शक्यता सकाळी सहाच्या पाळीत, आणि वाडीच्या फाट्यावर पहिली एसटी साडेआठला. म्हणजे एक तर रात्री तिथे जाऊन झोपायचं, नाहीतर जीप ठरवायची.

पोटातलं डायलिसिस, जे घरी करता येतं, त्याचं नाव डॉक्टरांनी एकदा घेतलं आणि सोडून दिलं. राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली, पण या भागात बॅगा आणून देणारी यंत्रणा नव्हती. थायलंडने नेमकी हीच वाट धरली होती. तिथे २००२ च्या सार्वत्रिक योजनेतून डायलिसिस खर्चापायी वगळलेलं होतं. २००८ मध्ये ते घेतलं तेव्हा आधी पोटातलं डायलिसिस असं धोरण ठेवलं आणि द्रावणाच्या बॅगा टपाल खात्यामार्फत रुग्णाच्या घरी पोचवल्या. २०२२ मध्ये रुग्णाला निवडीची मुभा दिली. त्या धोरणावर टीकाही भरपूर आहे, कारण सुरुवातीच्या काळात यंत्रावरचं डायलिसिस निवडलं की खर्च रुग्णाच्याच माथी यायचा. पण खेड्यातला रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून आखणी केली तर काय सुचतं, ते तिथे दिसतं. पत्र्याच्या दोन खोल्यांत, पाणी भरून आणावं लागणाऱ्या घरात ते जमलं असतं का, हा प्रश्न उरतोच. संसर्ग झाला असता तर पुन्हा तेच शहर, तोच रस्ता.

प्रत्यारोपण हा चौथा पर्याय, आणि बैठकीतला सर्वात अवघड. आईला मधुमेह, त्यामुळे ती बाद. भावाचा रक्तगट जुळत नव्हता. वहिनींचा जुळत होता. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या, कुणी बोललं मात्र नाही. वहिनींनीच विचारलं, "माझी बी गेली अन् ह्यांचं बी बसलं नाही, तर कोयता धरायचा कुणी?" त्याला उत्तर नव्हतं. घरातली दाती बहुतेक वेळा बाईच असते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे ती बाई घरातली एकमेव कमावती होऊ घातली होती. शिवाय कवच अडीच लाखांचं, आणि पुढची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभराची. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास असे अर्ज करता येतात आणि लोक करतातही. पण ते अर्ज शस्त्रक्रियेच्या बिलासाठी असतात. पाचव्या वर्षीच्या गोळ्यांसाठी अर्ज कुठे करायचा?

पाचवा पर्याय मुकादमाने सुचवला. टोळीबरोबर चला, दादाने तोडायचं नाही, कोपीवर (झोपडीवर) थांबायचं, वाढे (उसाचे शेंडे) विकायचे, स्वयंपाक बघायचा. वहिनींनी दिराबरोबर कोयता लावायचा. फडाच्या जवळच्या शहरात योजनेतली रुग्णालयं आहेत, तिथे डायलिसिस करायचं. योजना राज्यात कुठेही चालते, त्यामुळे कागदावर हे अगदी बरोबर होतं. उचलही फिटणार होती.

घराने पाचवा पर्याय निवडला. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर दुसरं काही निवडणं कठीणच होतं.

काय झालं

योजना कुठेही चालते, पण यंत्रावरची जागा कुठेही चालत नाही. साखरपट्ट्यातल्या त्या शहरात नियमित रुग्णांच्या पाळ्या भरलेल्या. हंगामापुरत्या आलेल्या माणसाला रोजच्या रिकाम्या जागेची वाट पाहायची. आठवड्याला एक सत्र मिळायचं, एखाद्या आठवड्यात तेही नाही. हातातल्या फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून कायमची वाट करण्याचं, ऑपरेशन पुढे ढकललेलं, डायलिसिस अजून मानेतल्या नळीवरच. इंजेक्शन नोव्हेंबरात थांबलं. दिवसाला लिटरभरच पाणी, आणि राहायचं उसाच्या फडात.

जानेवारीच्या शेवटी रात्री दादाला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. जीपने रुग्णालय, अतिदक्षता विभाग, आठ दिवस. उपचार योजनेतून झाले. जीप, सोबतच्या माणसांचं खाणं, बाहेरून आणलेली औषधं आणि खाडे यांत घरचे २२,००० गेले. वहिनी दादाला घेऊन गावी परत आल्या. कोयता मोडला. उचलीतले ३५,००० फिटले होते, ४५,००० पुढच्या हंगामावर फिरले.

आता आमच्या तक्त्याकडे येतो. जागतिक पातळीवर बरीच वर्षं वापरात असलेला निकष असा, की घराच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून (कडक मोजमापात २५ टक्क्यांहून) जास्त पैसा आरोग्यावर गेला तर तो आपत्तिजनक खर्च. जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत दादाचं घर या रेषेच्या कितीतरी वर होतं. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये वैद्यकीय खर्च ४,१०० रुपये आणि घरचा एकूण खर्च ४८,०००. म्हणजे साडेआठ टक्के, रेषेखाली. संगणकात या घरासमोर 'आर्थिक संरक्षण लाभलं' अशी खूण पडली.

त्याच तिमाहीत दादा मरणाच्या दारात चालला होता.

खर्च कमी झाला, कारण उपचार कमी झाले. प्रवास आणि बुडालेली मजुरी या निकषात धरलीच जात नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्य फेरीत प्रवास आणि इतर बिगरवैद्यकीय खर्चाचे रकाने आहेत, पण खाड्याचा दंड त्यांत वेगळा दिसत नाही. आणि उचल घेऊन भागवलेला खर्च घराच्या एकूण खर्चात मिसळतो, त्यामुळे कर्जाने भाजक फुगतो आणि टक्का अजून खाली येतो. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला खिशातल्या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट खोटी आहे असं मी म्हणत नाही. सरकारी खर्च खरोखर वाढला आहे. पण असल्या आकड्यांत दादासारखी किती घरं 'न केलेल्या खर्चा'च्या रूपाने बसली आहेत, हे तो आकडा सांगू शकत नाही.

निर्णय आणि कृती

फेब्रुवारी २०२३ मध्ये अभ्यासगटात वाद झाला. एक बाजू म्हणाली, आपण नोंद घेणारे आहोत, हस्तक्षेप केला तर अभ्यास बिघडतो. दुसरी म्हणाली, माणूस मरू देऊन शुद्ध ठेवलेला अभ्यास कुणाच्या कामाचा? अशा घरांसाठी गटाकडे थोडा निधी होता. तो दादाला द्यावा, असा सरळ प्रस्ताव आला.

माझं मत विरोधात होतं, आणि शेवटी तेच ठरलं. दादा आमच्या नमुन्यात आला तो योगायोगाने. त्याच रस्त्यावरच्या इतर डायलिसिस रुग्णांचा दोष एवढाच, की त्यांच्या दारात आमचा सर्वेक्षक गेला नव्हता. न्याय्य पोच म्हणायचं आणि मदत चिठ्ठी टाकून वाटल्यासारखी द्यायची, हे पटत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत १९९७ मध्ये सूब्रमनी खटल्यात हा प्रश्न तिथल्या घटना न्यायालयापुढे उघडपणे आला होता. डर्बनच्या सरकारी रुग्णालयात २० यंत्रं, रुग्ण कितीतरी जास्त, म्हणून प्रत्यारोपणाला योग्य असलेल्यांनाच डायलिसिस असा नियम. न्यायालयाने तो नियम उचलून धरला. निकाल कठोर होता, पण कुणाला का नाकारलं ते लिहिलेलं होतं. आपल्याकडे दादाला कुणीच नाकारलं नव्हतं. फक्त पाळी सहाची आणि एसटी साडेआठची होती.

तिथूनच काम सुरू झालं. उपजिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी परवानगी दिल्यावर आम्ही प्रतीक्षायादी आणि चालू रुग्णांची गावं नकाशावर मांडली. पहिल्या पाळीत वारंवार गैरहजर राहणारे बहुतेक जण लांबच्या वाड्यांवरचे निघाले. दुसऱ्या पाळीत, म्हणजे साडेअकराला, तालुक्याच्या गावातलेच काही जण होते, कारण त्यांचं नाव आधी लागलं होतं. त्यातल्या एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मला सकाळचीच बरी, दुकान तरी उघडता येईल. आजवर कुणी विचारलंच नाही." अशा आणखी दोन अदलाबदली झाल्या. एप्रिलमध्ये दादाला मंगळवार-शुक्रवार साडेअकराची पाळी मिळाली. खर्च शून्य. तंत्रज्ञाला मात्र पाळ्यांची वही नव्याने आखावी लागली आणि ती त्याने कुरकुरत आखली.

एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे, ती दादाला ठाऊक नव्हती. दाखला काढून दिला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं, तो वहिनींचा योगायोगाचा लाभ. फेरीचा खर्च ४५० वरून १०० च्या आत आला.

रेशनकार्डाचा निर्णय नाजूक होता. भावाच्या कार्डातून नाव कमी करून वेगळं कार्ड काढलं की कवच वेगळं. पण नाव कमी झाल्यापासून नव्या कार्डात चढेपर्यंत दादा कुठल्याच कार्डावर नसणार. तहसीलमध्ये त्याला किती दिवस लागतील, याची खात्री कुणी देईना. आरोग्यमित्राचा सल्ला घेऊन दादाचं फिस्टुलाचं ऑपरेशन आधी जुन्या कार्डावर उरकलं, डायलिसिस सरकारी रुग्णालयात स्थिर झालं, आणि मग कार्ड वेगळं केलं. नवं कार्ड हातात यायला पावसाळा संपला. क्रम उलटा ठेवला असता तर ऑपरेशन खिशातून झालं असतं.

रक्तवाढीचं इंजेक्शन रुग्णालयात कधी असायचं, कधी नसायचं. तुटवडा पडेल तेव्हा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करावी, असा अर्ज सगळ्या रुग्णांच्या सह्यांनी दिला. दोनदा खरेदी झाली, तिसऱ्यांदा फाईल अडकली. त्या महिन्यात सगळ्यांनीच ते बाहेरून आणलं, किंवा आणलं नाही.

निष्पत्ती

२०२३-२४ च्या हंगामात वहिनी स्वतःच्या भावाबरोबर कोयता लावून गेल्या, फिरलेली उचल फेडायला. दादा गावी राहिला. आता तो एकटा एसटीने डायलिसिसला जाऊ शकत होता; फिस्टुला झालेला, रक्त थोडं वाढलेलं. मुलं आजीजवळ राहिली, मुलगी गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याने देणं थोडं लवकर हललं. मार्चअखेर मुकादमाचे ९,००० उरले. सोनं अजून गहाणच होतं.

त्या सहा महिन्यांत दादाची बहुतेक सत्रं झाली, चुकलेली थोडी, तीही एसटीचा संप किंवा यंत्र बंद यामुळे. आठवड्याला तीन सत्रं मात्र कधीच मिळाली नाहीत. यंत्रंच तेवढी नाहीत. तो दोनवर जगतो आहे, आणि डॉक्टरांच्या मते त्याचा भार हृदयावर पडतो आहे.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेचं कवच सगळ्यांना पाच लाख झालं, प्रत्यारोपणाचं साडेचार लाख, आणि कार्डाच्या रंगाची अटही गेली. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. शेजारच्या घराशी असलेला फरक मिटला. प्रत्यारोपणाचा विषय घरात पुन्हा निघाला. वहिनींचं उत्तर तेच आहे आणि रुग्णालयाच्या समन्वयकाने त्यांना एकटीला बसवून विचारलं, तेव्हाही तेच होतं. मरणोत्तर दात्याची किडनी मिळावी म्हणून दादाचं नाव प्रतीक्षायादीत लावण्यासाठीच्या तपासण्या सुरू आहेत, त्यासाठी पुन्हा शहराच्या फेऱ्या आहेत.

वेगळं काय करता येईल

सर्वात स्वस्त गोष्ट सर्वात आधी व्हायला हवी होती : पाळी देताना रुग्णाचं गाव आणि तिथली पहिली बस विचारणं. त्याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय. केंद्राचं मूल्यमापन सत्रांच्या एकूण संख्येवर होतं, आणि पहिल्या पाळीतली रिकामी जागा ऐनवेळी गावातला रुग्ण भरून काढतो, त्यामुळे संख्या छान दिसते. लांबचे किती गळाले हे वेगळं मोजलं तरच दिसेल.

हंगामी स्थलांतराची तारीख या पट्ट्यात सगळ्यांना माहीत असते. ऑक्टोबरात गावाकडच्या केंद्राने साखरपट्ट्यातल्या केंद्राला रुग्ण कळवायचा आणि तिथे पाच महिन्यांची जागा आधी पक्की करायची, एवढं झालं असतं तर पाचवा पर्याय चाललाही असता. कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेऊन ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ उभं केलं आहे. डायलिसिसच्या दिवशीचा खाडा माफ आणि त्याची भरपाई महामंडळाकडून, ही मागणी त्याच्या चौकटीत बसते. मुकादमाच्या मर्जीवर ती सोडू नये.

पहिल्या तीन आठवड्यांतले १,४६,००० हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. आता कार्डाच्या रंगाची अट गेली, तरी रात्री अकराला अनामत मागणारी खिडकी तीच आहे. फोनवरच्या मंजुरीची पाटी त्या खिडकीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावणं बंधनकारक करता येईल. आशाताईच्या वहीत तिशीनंतरच्या प्रत्येकाचा रक्तदाब येणं हे त्याहून आधीचं काम. ते झालं असतं तर दादाला कदाचित आणखी काही वर्षं यंत्राविना मिळाली असती.

आमच्या प्रश्नावलीत आता तीन रकाने वाढले आहेत : या तिमाहीत किती सत्रं सांगितली होती, किती झाली, आणि न झालेल्यांचं कारण. एकूण खर्चातून उचल आणि कर्जाचा भाग वेगळा काढतो. जुन्या नोंदी या पद्धतीने पुन्हा तपासल्या, तेव्हा 'संरक्षण लाभलं' अशी खूण असलेल्या घरांपैकी काहींची खूण काढावी लागली. त्यांतल्या दोन घरांत ज्याच्यासाठी उपचार सुरू होते, तो माणूस पुढच्या तिमाहीच्या यादीतच नव्हता.